चिरा, काळा दगड, शहाबादी: कालवं कुठल्या दगडावर धरतात? (पूर्णगडच्या खाडीतल्या आठ महिन्यांच्या नोंदी)

माझा धंदा फरशी-ग्रॅनाइट बसवण्याचा. दगड कळतो, समुद्र फारसा कळत नाही. गावातल्या कालवं (खडकाला चिकटून राहणारे, खायचे शिंपले) काढणाऱ्या बायकांनी आणि दोन-तीन होडीवाल्यांनी ठरवलं, की खाडीच्या तोंडाशी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पूर्णगडच्या अलीकडे, कालवांसाठी दगड टाकायचे. दगड कुठला टाकायचा हे माझ्यावर सोडलं, कारण कापायची मशीन माझ्याकडे. कुणाला असंच काही करायचं असेल तर त्याचे पैसे वाचावेत म्हणून या नोंदी. चुका गाळलेल्या नाहीत.

१५ ऑक्टोबर २०२३

काल अमावास्या होती, त्यामुळे आज उधाणाची सुकती, म्हणजे पाणी खूप खाली उतरतं ती ओहोटी. संध्याकाळी काकीबरोबर खडकावर गेलो. आमच्या किनाऱ्याला वर सड्यावर, म्हणजे सपाट पठारावर, जांभा (ज्याचे चिरे कापतात तो लाल दगड) आणि खाली पाण्याशी काळा दगड. वरून सुटलेले जांभ्याचे धोंडे काळ्या दगडावर येऊन पडलेले. म्हणजे दोन्ही दगड एकाच पाण्यात, एकमेकांना चिकटून. कालवं दोन्हींवर आहेत.

काकी चाळीस वर्षं कालवं काढते आहे. तिला विचारलं, जास्त कशावर? ती म्हणाली, "चिऱ्यावरची कालवं चिऱ्यासकट हातात येतात. काळ्यावरची तशी नाय सुटत." मी वहीत लिहिलं: चिऱ्यावरून काढायला सोपी. तिला ते म्हणायचं नव्हतं, हे मला एप्रिलमध्ये कळलं.

माझा अंदाज आधीच ठरलेला होता: चिरा. स्वस्त, जवळ मिळणारा, भोकाभोकांचा.

२२ ऑक्टोबर

पाच प्रकारच्या लाद्या कापल्या. सगळ्या १५ × १५ सेंटिमीटर, प्रत्येकी तीन:

जांभा (मशीनकट चिरा फाडून), काळा दगड, ओट्याच्या ग्रॅनाइटचे कटपीस, शहाबादी फरशी, आणि साच्यात ओतलेलं काँक्रीट. शहाबादी मुद्दाम घेतली. तो चुनखडीचा दगड, आणि कालवाचा शिंपला चुन्याचाच.

शहाबादीला भोक पाडताना चार लाद्या थरावरून उकलल्या. ड्रिलचा हातोडा बंद ठेवायचा, खालून लाकडाचा ठोकळा द्यायचा आणि पाणी सोडत राहायचं. हे मला धंद्यात ठाऊक होतं, तरी घाई केली. अर्धा दिवस गेला.

खर्च: चिरे ६ नग, ४५ रुपयांप्रमाणे २७०. लोखंडी अँगलची चौकट वेल्डिंगसह २,४००. नटबोल्ट ६५०. बाकी दगड दुकानातलेच.

२९ ऑक्टोबर

काल कोजागिरी. आज पहाटे साडेपाचच्या सुकतीला चौकट लावली. बॅटरीच्या उजेडात पाच जण, गुडघाभर पाणी. चौकट आडवी, लाद्या आकाशाकडे तोंड करून. एका ओळीत जांभा, एका ओळीत काळा, अशा नीट रांगा. दिसायला छान. प्रत्येक लादीला नंबराचा पत्रा बांधला, त्यासाठी जुन्या मोटारीची तांब्याची तार वापरली.

या परिच्छेदात तीन चुका आहेत.

१४ नोव्हेंबर

पाडव्याचा दिवस, घरच्यांची बोलणी खाऊन आलो. सगळ्या लाद्यांवर बुळबुळीत थर. पहिल्या आठवड्यांत हा थर येतोच, तो सूक्ष्म जीवांचा. त्याला घासून काढू नका. मी एक लादी घासली. बार्नेकल म्हणजे खडकाला चिकटून राहणारा, चुन्याच्या कवचातला छोटा जीव. त्याची पिल्लं पाण्यात तरंगत येतात, बसण्याआधी दगडावर चालून जागा चाचपतात, आणि हा थरही त्यांच्या चाचपणीत येतो. जागा पटली की डोकं चिकटवून कायमची बसतात आणि पुढे आयुष्यभर पायांनी खाणं ओढतात. पाय वर, डोकं खाली. पोरांना सांगितलं तर विश्वास बसेना.

काही लाद्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके. पण सगळीकडे तारेच्या भोवती दोन-तीन सेंटिमीटरचा पट्टा स्वच्छ. मी म्हटलं, लाटेने तार हलते, घासत असेल. होडीचा तांडेल (होडी चालवणारा मुख्य) हसला. "अरे, आम्ही होडीला खालून तांब्याचा रंग कशाला मारतो?" तांबं विषारी असतं म्हणूनच तो रंग मारतात. सगळ्या तारा कापल्या, नायलॉन लावला. त्या लाद्यांची कड पुढे मोजायची नाही असं ठरवलं.

२८ नोव्हेंबर

लोखंडाची चौकट. काय सांगायचं. गंजाचे ओघळ थेट लाद्यांवर, ज्यांच्यावर ओघळ जास्त त्यांच्यावर जीव कमी. जांभ्यात लोह आधीच भरपूर, त्यावर ओघळ दिसतच नाही, त्यामुळे कुठली लादी बिघडली हे ओळखता येईना.

ग्रॅनाइट जवळजवळ कोरं. मला आनंद झाला, म्हटलं दगडाचा फरक दिसला. दोन दिवसांनी दुकानात बसलो असताना आठवलं: ओट्याच्या ग्रॅनाइटला पॉलिश करताना वरून सीलर, म्हणजे डाग-पाणी आत जाऊ नये म्हणून लेप, मारलेलं असतं. मी दगड तपासत नव्हतो, सीलर तपासत होतो. ओट्याचा तुकडा तसाच वापरू नका. आधी चकतीने वरचा थर घासून काढा.

दोन ग्रॅनाइटच्या लाद्या गायब. कुणीतरी वाटण वाटायला नेल्या असाव्यात.

१३ डिसेंबर

लाद्या घरी आणून वजन केलं. महिनाभर घासलेली बुद्धी इथे पुन्हा चुकली. आधीचं वजन कोरड्या लाद्यांचं होतं. जांभ्याच्या लाद्यांचं वजन सगळ्यात जास्त वाढलं. मी "जांभ्यावर सर्वात जास्त जीव" असं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलंसुद्धा. बायकोने विचारलं, "चिरा पाणी पितो ना?" पितो. एक कोरा तुकडा बादलीत बुडवून रोज तोलत राहिलो, चौथ्या दिवशी वजन स्थिरावलं. वाढलेलं वजन जवळजवळ सगळं पाण्याचंच होतं. ग्रुपवर दुरुस्ती टाकली. वाचली किती जणांनी, देव जाणे.

यापुढे वजन बंद. लादीच्या मधल्या १० × १० सेंटिमीटरमध्ये बसलेले जीव मोजायचे आणि मोबाइलने फोटो काढायचा, नेहमी एकाच उंचीवरून.

मोजणीत जांभा खरंच पुढे होता. पण तेवढ्यात खरी अडचण ध्यानात आली. माझा जांभा खडबडीत, ग्रॅनाइट आरशासारखं, काळा दगड मधला. दगडाची जात बदलते म्हणून जीव कमी-जास्त, की खळगे बदलतात म्हणून? या चौकटीतून ते कधीच कळणार नाही. अजून सहा महिने ठेवली असती तरी कळलं नसतं.

२७ डिसेंबर

सगळं उचललं. पहिली फेरी बाद. गेलेले पैसे ३,३२० आणि होडीचं डिझेल, गेलेले दिवस साठ. काँक्रीटच्या लाद्यांवर सगळ्यात कमी होतं, पण त्या आठ दिवसांच्याच होत्या. ताज्या सिमेंटमधून चुना झिरपत राहतो आणि वरचं पाणी जिवांना झोंबणारं होतं. काँक्रीट वापरायचंच तर काही आठवडे पाण्यात मुरवून मग वापरा. दुसऱ्या फेरीत मी ते घेतलंच नाही.

याच सुमारास मालवणला एका कामासाठी गेलो होतो. तिकडचा खडक वेगळा: जुना, पांढरट-गुलाबी, क्वार्ट्‌झाइट नि ग्रॅनाइटच्या जातीचा. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, पाण्याखाली प्रवाळही आहे. स्कूबावाला पोरगा म्हणाला, "आमचो दगडच चांगलो." असेल. पण त्याचं पाणीही आमच्या खाडीपेक्षा किती नितळ! दोन गावं, दोन खडक, दोन पाणी, आणि श्रेय एकट्या खडकाला. हीच चूक मी दोन महिने एका चौकटीत केली होती. इटलीच्या लिगुरियन किनाऱ्यावर क्वार्ट्‌झ असलेल्या खडकावरची वस्ती आणि चुनखडीवरची वस्ती वेगळी दिसते असा अभ्यास झालेला आहे, म्हणजे दगडातल्या खनिजाचा परिणाम नसतोच असं नाही. तो आमच्या खाडीत दिसतो का, एवढाच माझा प्रश्न.

५ जानेवारी २०२४

दुसऱ्या फेरीची तयारी. उपाय साधा निघाला. सगळे दगड एकाच, साठ नंबरच्या चकतीने घासायचे. त्यातल्या अर्ध्या लाद्या तशाच ठेवायच्या, अर्ध्यांना प्रत्येकी ३६ छिद्रं पाडायची, ४ मिलिमीटर रुंद, ५ मिलिमीटर खोल. म्हणजे गुळगुळीत काळा विरुद्ध गुळगुळीत ग्रॅनाइट, आणि छिद्रांचा काळा विरुद्ध छिद्रांचं ग्रॅनाइट.

जांभ्याचं काय? घासला की नवी भोकं उघडतात. चिऱ्याला गुळगुळीत तोंडच नाही. त्यामुळे तो एकाच रूपात घेतला. तुलना तेवढी लंगडी राहिली, ते मान्य.

एकूण सात प्रकार, प्रत्येकी पाच लाद्या: चार सुकतीच्या रेषेसाठी, एक तळासाठी. छिद्रं ५४०. ग्रॅनाइटने सहा बिटं खाल्ली. तीन रात्री गेल्या. कामगार पोरगा तिसऱ्या रात्री म्हणाला, "शेठ, कालवं बाजारात मिळतात."

चौकट पीव्हीसी पाइपची, आत काँक्रीट भरून. पाइप १,१५०, नायलॉन दोरी ३००, ३१६ नंबरचे स्टेनलेस बोल्ट १,९००. बोल्ट महाग वाटले, पण मेपर्यंत एकही गंजला नाही. ३०४ घेऊ नका.

१२ जानेवारी

सुकतीच्या रेषेवर दोन चौकटी लावल्या, एक वर, एक खाली. या वेळी लाद्या उभ्या, आणि जागा चिठ्ठ्या टाकून. पहिल्या फेरीत कडेच्या रांगेला प्रवाह जास्त मिळत होता आणि कडेला जांभाच होता, योगायोगाने नाही, मीच ठेवलेला.

तिसरी, लहान चौकट तळावर: जेटीच्या पुढे, सुकतीलाही तीन-चार मीटर पाणी राहतं तिथे. तांडेलाचा भाचा शिनाण्यांसाठी (काळपट-हिरवे खायचे शिंपले) बुडी मारतो, त्याने नेऊन ठेवली. तिथला तळ चिखल-वाळूचा, दगड असा नाहीच. त्याला लाद्या उभ्याच ठेवायला सांगितल्या होत्या. चौकट गाळात कलली आणि आडवी झाली.

२६ जानेवारी

बुळबुळीत थर, नवे ठिपके. सगळं ठीक. झेंडावंदनाला उशीर.

११ फेब्रुवारी

तळावरची चौकट वर आणली. वरच्या बाजूला गाळाचा थर, नखाएवढा जाड. गाळाखाली दोन-चार मेलेली बार्नेकल. उलटं करून पाहिलं आणि सगळे गप्प झालो: खालच्या बाजूला जाळीसारखे पांढरे पापुद्रे, चुन्याच्या वळ्या-वळ्यांच्या नळीत राहणारे कृमी, नारिंगी स्पंजाचा डाग, एक बोटभर खेकडा. कुठल्या दगडावर काय, याने काही फरक दिसत नव्हता. वर गाळ आणि खाली जीव, प्रत्येक लादीवर सारखंच.

आमच्या खाडीत तळावर दगड टाकणार असाल तर जात नंतर विचारा. आधी तो उभा राहील का आणि त्याच्या खाली पोकळी राहील का ते बघा. सपाट टाकलेला कुठलाही दगड दोन महिन्यांत चिखलाचा होतो. चौकट वीट लावून उभी करून परत ठेवली.

११ मार्च

दोन महिने पूर्ण. सुकतीच्या रेषेवरच्या लाद्यांची मोजणी, बार्नेकल, मधल्या चौकोनातली सरासरी:

गुळगुळीत ग्रॅनाइट ९, गुळगुळीत शहाबादी १२, गुळगुळीत काळा १४. छिद्रांची शहाबादी ३८, छिद्रांचं ग्रॅनाइट ४१, छिद्रांचा काळा ४४. जांभा ४७.

दगड बदलून फरक किरकोळ, छिद्रांनी तिप्पट ते साडेचारपट. जी ग्रॅनाइटची लादी नोव्हेंबरमध्ये कोरी होती, तिच्या भावंडाला छिद्रं पाडली की ती जवळजवळ चिऱ्याच्या बरोबरीला. बसणाऱ्या पिल्लाला आडोसा हवा असतो. खळग्यात लाट कमी ओढते, ऊन कमी लागतं, चरणारी गोगलगाय पोचत नाही.

मात्र एक सांगतो. सरासरीवर फार जाऊ नका. छिद्रांच्या काळ्याच्या चार लाद्यांवर आकडे १९, ३१, ५३ आणि ७३. एकच दगड, एकच चकती. बार्नेकल आपल्या जातीचं कुणी आधी बसलेलं असेल तिथेच बसायला बघतं. नशिबाने एका लादीवर पहिली पाच बसली की तिची गर्दी होते. चार लाद्या कमीच पडल्या. पुन्हा केलं तर आठ घेईन.

कालवांची पिल्लं सगळ्या लाद्या मिळून ३८: शहाबादी १३, जांभा १०, काळा ८, ग्रॅनाइट ७. शहाबादी पुढे दिसते, चुना आहे म्हणून असं म्हणायचा मोह होतो. इतक्या आकड्यांवर मी म्हणणार नाही.

२ एप्रिल

अष्टमी, भांगाची दुपार. भांगात पाणी फार उतरत नाही, पण सुकती भर दुपारी येते आणि वरची चौकट उघडी पडते. दुकानातला इन्फ्रारेड तापमापक घेऊन गेलो. एक वाजता काळा ४६ अंश, ग्रॅनाइट ४४, शहाबादी ४२, जांभा ३९. जांभ्याने प्यालेलं पाणी माठासारखं उडत राहतं, म्हणून तो गार. वरच्या चौकटीत काळ्याच्या गुळगुळीत लाद्यांवरची बार्नेकल उघडी, वाळलेली, मेलेली. खालच्या चौकटीत ती जिवंत. म्हणजे उंच जागेसाठी चिरा बरा. मी पुन्हा चिऱ्याच्या बाजूला झुकलो.

१० एप्रिल

काल पाडवा. फोटो एकाखाली एक लावून पाहिले, मार्चचा आणि आजचा, त्याच लाद्या, खालची चौकट. बसलेल्यांतले किती राहिले?

छिद्रांच्या काळ्यावरचे चारातले तीन राहिले. ग्रॅनाइट, शहाबादी जवळपास तसंच. जांभ्यावरचे निम्म्याहून अधिक गेले. आणि जिथून गेले तिथे पांढरी चकती उरलेली नाही, जशी काळ्यावर उरते. तिथे ताजा, लाल, ओला खळगा. बार्नेकलने सोडलं नाही, दगडानेच सोडलं. चिऱ्याचा कण सुटला आणि त्यावरचा जीव घेऊन गेला.

काकीला लादी दाखवली. ती म्हणाली, "मी तुला कधी सांगितलं?" ऑक्टोबरमध्ये. वहीत चुकीचं लिहिलेलं.

मग तिने खडकावर नेऊन दाखवलं. या बायका अख्खं कालव काढत नाहीत. टोकदार हत्याराने वरची शिंप उडवतात, आतलं काढून घेतात, खालची शिंप दगडालाच राहते. काळ्या दगडावर अशा जुन्या शिंपांचा थर बसलेला आहे, आणि नवी पिल्लं दगडावर कमी, त्या शिंपांवरच जास्त. मी बोटाने मोजली. दगडाची जात त्या थराखाली केव्हाच झाकलेली. चिऱ्यावर मात्र घाव घातला की शिंप चिऱ्याच्या ढलप्यासकट निघते. दर वर्षी पाटी कोरी. चिऱ्यावर कालवं बसतात भरपूर, पण त्यांचा मळा होत नाही.

१२ एप्रिल

एक बाजू चिऱ्याचीही मांडायला हवी. मी वापरलेले चिरे स्वस्तातले, खाणीच्या खालच्या थराचे, पिवळट माती धरलेले. सड्याचा वरचा कातळ पुष्कळ कठीण असतो, आणि जांभा खाणीतून निघाल्यावर हवेवर ठेवला की आणखी घट्ट होतो. माझे चिरे खाणीतून थेट मशीनवर, मशीनवरून समुद्रात. वरच्या कातळाच्या दोन लाद्या आज टांगल्या. निकाल यायला वेळ नाही, पण सुरुवात नोंदवून ठेवतो.

९ मे

काळ्या दगडाच्या छिद्रांच्या दोन लाद्यांवर प्रयोग: दुकानातला टाइल चिकटवायचा सिमेंटचा लेप पातळ लावून त्यावर काकीकडच्या जुन्या, उन्हात वाळवलेल्या शिंपा बसवल्या. पहिल्या लादीवरच्या सगळ्या चार दिवसांत गळल्या, लेप ओला असतानाच पाण्यात सोडल्यामुळे. दुसरी सात दिवस सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवून मग टांगली. ती टिकली आहे.

२४ मे

काल पौर्णिमा. समुद्र खवळायला लागला, १ जूनपासून मासेमारी बंद, होडी वर ओढायची वेळ. सुकतीच्या रेषेवरच्या चौकटी उचलल्या. तळावरची तशीच ठेवली. पावसात खाडीचं पाणी गोडसर होतं, त्यात काय टिकतं तेही कळेल.

शिंपा लावलेल्या लादीवर कालवाची नवी पिल्लं ६, सगळी शिंपांवर, दगडावर एकही नाही. वरच्या कातळाच्या दोन लाद्या शाबूत, कण सुटलेला नाही, पण दीड महिनाच झाला.

दगडांचा निर्णय झाला: खाली काळा दगड, खाणीतला ओबडधोबड, न घासलेला, एकावर एक रचून पोकळ्या ठेवून. फोडलेला काळा फुकटात मिळतो, त्याला छिद्रं पाडायची गरज नाही, त्याच्या फुटलेल्या तोंडालाच पुरेशी खाच-खळगी असते. ५४० छिद्रं पाडल्यावर हे सुचलं. वरच्या, ऊन लागणाऱ्या रेषेवर कातळाच्या वरच्या थराचा चिरा थोडा, चाचणीपुरता. एकूण खर्च दोन्ही फेऱ्यांचा, डिझेलच्या बारा खेपा धरून, १२,६७०.

काकीने शिंपांची पाच पोती बाजूला ठेवायला सांगितलं आहे. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या उधाणाला टाकायच्या.